सभासद, रुक्न आणि थकलेली वर्गणी

मराठीत ज्याला आपण सभासद म्हणतो, त्याला उर्दूत रुक्न म्हणतात. सभासद म्हणजे सभेत बसणारा. रुक्न या मूळच्या अरबी शब्दाचा अर्थ खांब, आधार. अर्कान-ए-इस्लाम म्हणताना आपण याच शब्दाचे अनेकवचन वापरतो. घरात दखनी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांना हे दोन्ही शब्द आपलेच वाटतात. पण संस्थेच्या व्यवहारात या दोन अर्थांत बरेच अंतर पडते. बसणारा उठून गेला तर त्याची खुर्ची दुसऱ्याला मिळते. खांब काढायचा म्हटले तर आधी छताचा विचार करावा लागतो. आपण ज्या क्लबांचे, जिमखान्यांचे, वाचनालयांचे, मंडळांचे सभासद आहोत, तेथे आपण नुसते बसणारे आहोत की खांब आहोत?

हा प्रश्न आमच्यासमोर उभा राहतो तो दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये, वर्गणीचे पावतीपुस्तक फिरू लागले की. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील उर्दू शाळांत शिकवणारे आम्ही काही शिक्षक अधूनमधून एकत्र बसतो. गेली काही वर्षे या बैठकीत एक विषय हटकून निघतो. शहरातील सार्वजनिक क्लबचे सभासदत्व पुढे चालू ठेवायचे की नाही? कुणी म्हणतो, ईद-मिलनच्या फोटोपुरती त्यांना आपली आठवण येते. कुणाच्या धाकट्या भावाचा अर्ज दोन वर्षे कार्यकारिणीपुढे आलेलाच नसतो. कुणी म्हणतो, कशाला त्यांच्या दारात उभे राहायचे, आपण आपला वेगळा क्लब काढू. आणि बहुतेक जण काहीच म्हणत नाहीत. ते फक्त वर्गणी भरत नाहीत. एक वर्ष जाते, दुसरे जाते, आणि नाव यादीतून आपोआप गळते.

हे जे शेवटचे गप्प बसणे आहे, त्याची आम्हाला सर्वांत जास्त चिंता वाटते. म्हणून आम्ही ठरवले की रागाच्या भरात निर्णय घेण्याआधी जरा मागे वळून पाहावे. सभासदत्वाचा प्रश्न आपल्यावरच पहिल्यांदा आलेला नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांत अनेकांवर तो आला, आणि त्यांतील काहींचा संबंध थेट आपल्या मातीशी आहे. आपली माती म्हणजे जुना सातारा जिल्हा. १९४९ साली त्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे सातारा आणि सांगली ही आम्ही एकाच घराची दोन दालने मानतो.

साताऱ्याच्या जिमखान्यातील एक सामना

इंग्रजी अमदानीत साताऱ्यात गोऱ्या साहेबांचा एक जिमखाना होता. सभासद फक्त गोरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत पुण्याच्या हिंदू खेळाडूंचा क्रिकेट संघ त्यांच्याशी खेळायला साताऱ्यात आला. त्या संघात बाळू पालवणकर होते. चर्मकार समाजातील हा तरुण पुण्यात गोऱ्यांच्या क्लबच्या मैदानावर महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करत असे. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो डावखुऱ्या फिरकीत इतका तयार झाला की त्याला संघात घेतल्याशिवाय हिंदू क्लबला गत्यंतर राहिले नाही. सातारकर साहेबांनी बाळूंची फिरकी बोथट करण्यासाठी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी सपाट केली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुणेकर जिंकले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर सत्कार केला.

एवढीच गोष्ट असती तर ती क्रिकेटच्या पुस्तकात शोभली असती. पण बाळूंचे सभासदत्व कसे होते ते पाहा. मैदानावर चेंडू एकच होता, सगळे तोच हाताळत. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून चिनीमातीच्या कपातून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे. गोऱ्यांच्या जिमखान्याचे दार सर्व हिंदुस्थानी लोकांना बंद होते. पण ज्यांना ते बंद होते त्यांच्याही तंबूला आणखी एक आतले दार होते, आणि ते बाळूंना बंद होते.

बाळूंनी आणि त्यांच्या भावांनी काय केले? ते खेळत राहिले. पुढे बाळू मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला हरवले तेव्हा त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळवले. पण कर्णधारपदासाठी त्यांचा विचार होत नव्हता. १९२० साली त्यांना चक्क संघाबाहेर ठेवण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या दोघा भावांनी संघातून आपली नावे मागे घेतली. ते गुपचूप गेले नाहीत. आम्ही का खेळत नाही, हे त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितले. जातीमुळे आमच्या भावाला डावलले जाते, असा त्या निवेदनाचा आशय होता. हिंदू समाजात त्यावर चर्चा झाली, दबाव आला. लगेच पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परतले आणि भाऊही परतले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ अजिंक्य ठरला.

बाहेर पडण्याची ही एक रीत झाली. कारण सांगून बाहेर पडायचे, मागणी काय ते सांगायचे, आणि मागणी मान्य झाली की मान वर करून परत यायचे.

एका खिशात तीन पावत्या

आता आपल्या समाजाकडे येऊ. "वेगळा क्लब की सामाईक क्लब" हा वाद आपल्याकडे निघाला की आम्हाला बद्रुद्दीन तय्यबजी आठवतात. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत बद्रुद्दीन, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा मोहम्मद अली रोगे हे होते. मुसलमान मुलांना आधुनिक शिक्षण मिळावे म्हणून मुसलमानांनी काढलेली ही संस्था. उर्दू माध्यमाचे आम्ही सगळे शिक्षक तिच्या परंपरेचे देणे लागतो. पण तेच बद्रुद्दीन १८८५ साली फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासोबत बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढतात. आणि १८८७ साली मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष होतात. समाजाची वेगळी संस्था, शहराची सामाईक संस्था आणि देशाची संस्था, अशा तिन्ही ठिकाणी त्यांचे नाव होते. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही.

सर सय्यद अहमद खान यांचे मत याच्या उलट होते. मुसलमानांनी काँग्रेसमध्ये जाऊ नये, असे ते सांगत होते. १८८८ साली या दोघांत पत्रव्यवहार झाला. दोघेही आपल्या शिक्षणाचे उपकारकर्ते आहेत आणि त्यांच्यापैकी कुणाला खलनायक करण्याची आमची इच्छा नाही. बद्रुद्दीन यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: जे प्रश्न सर्वांचे आहेत त्यांत मुसलमानांनी अलग राहण्याचे कारण नाही, आणि जे प्रश्न आपल्या विरोधात जातील ते अडवायचे असतील तर आत असले पाहिजे. बाहेर उभे राहून कुणाला काही अडवता येत नाही.

ते केवळ बोलून थांबले नाहीत. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात काँग्रेसने एक नियम केला. हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमताने किंवा जवळजवळ एकमताने विरोध असेल, तर तो विषय चर्चेला घ्यायचा नाही. या नियमामागे बद्रुद्दीन यांचा आग्रह होता. संख्येने कमी असलेल्यांना संरक्षण मिळाले ते विनंती-अर्ज करून नव्हे, तर घटनेत कलम घालून. त्यांच्या मनात शंका नव्हत्या असेही नाही. त्याच वर्षी त्यांनी ह्यूम यांना लिहिले की मुसलमानांचा विरोध इतका वाढला आहे, तर काँग्रेसची अधिवेशने निदान पाच वर्षे स्थगित करावीत. सूचना मान्य झाली नाही. पण ज्याला शंका आहे त्याने ती लेखी मांडली, हे महत्त्वाचे.

ही सभासदत्वाची दुसरी रीत. आत राहायचे आणि नियम बदलून घ्यायचा.

सांगलीचा मुलगा, 'बाकीच्यांचा' संघ

वेगळे क्लब काढणे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. मुंबईत आधी पारशांनी, मग १८९० च्या दशकात मुसलमानांनी आणि हिंदूंनी समुद्राकाठी आपापले जिमखाने उभारले. गोऱ्यांच्या बॉम्बे जिमखान्यात त्यांना सभासद म्हणून प्रवेश नव्हता, मग दुसरे काय करायचे? इस्लाम जिमखान्याने मुसलमान तरुणांना मैदान दिले. १९१२ पासून मुसलमानांचा संघ गोरे, पारशी आणि हिंदू यांच्यासोबत चौरंगी सामन्यांत उतरू लागला. वझीर अली, नझीर अली, मुश्ताक अली अशी नावे घराघरांत पोहोचली. वेगळ्या घराचा हा फायदा खरा आहे.

पण सगळे मैदानच अशा वेगवेगळ्या घरांत वाटले गेले की काय होते, हे सांगलीच्या एका मुलाच्या गोष्टीतून कळते. विजय हजारे यांचा जन्म सांगलीत, ११ मार्च १९१५ रोजी, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. सामने धर्मावर बेतलेले, त्यामुळे हा मराठी मुलगा कोणत्या संघातून खेळणार? हिंदूंच्या नाही, मुसलमानांच्या नाही, पारशांच्या नाही, आणि युरोपियनांच्या तर नाहीच. १९३७ साली पाचवा संघ झाला आणि सामने पंचरंगी झाले. त्या संघाचे नाव होते 'रेस्ट', म्हणजे उरलेले, बाकीचे. हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे ज्यांना घर नव्हते त्या सगळ्यांना त्यात जागा मिळाली.

१९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला, त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. बाकीच्यांचा संघ पहिल्या डावात १३३ वर गुंडाळला गेला. दुसऱ्या डावात हजारे उभे राहिले. संघाच्या ३८७ पैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९. भाऊ विवेक यांच्यासोबत त्यांनी ३०० धावांची भागी केली, त्यात विवेक यांच्या २१. एवढे करूनही संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. पुढे याच हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९५२ साली मद्रासला पहिला कसोटी विजय मिळवला. ज्याला मुंबईच्या मैदानावर 'बाकीच्यां'त टाकले होते, तो देशाचा कर्णधार झाला.

आम्ही हे आमच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. प्रत्येकाने आपापले घर बांधले तर कुणीतरी एक 'बाकीचा' उरतोच. आज तो दुसरा कुणी असेल, उद्या आपल्यातलाच एखादा लहान गट असेल.

२८० विरुद्ध २४३

या पंचरंगी सामन्यांवर चाळीसच्या दशकात मोठा वाद झाला. देशात सत्याग्रह चालू आहे, नेते तुरुंगात आहेत, आणि मुंबईत धर्माच्या नावाने सामने खेळायचे का? १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले. खेळात जातीय संघ असावेत हे गांधीजींना पटत नव्हते आणि सामने बंद व्हावेत असे मानणाऱ्यांच्या बाजूने त्यांनी कौल दिला. तरी जिमखान्याने निर्णय घेतला तो सभासदांची सभा बोलावून, मत मोजून. माघार घेण्याच्या बाजूने २८० मते पडली, विरुद्ध २४३. फरक फक्त ३७ मतांचा.

या आकड्यांकडे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. महात्म्याचा शब्द एका बाजूला असतानाही ५२३ सभासदांत फरक ३७ चा. म्हणजे एकोणीस सभासदांनी उलट मत दिले असते तर निर्णय फिरला असता. आणि ज्यांची वर्गणी थकली होती, ज्यांनी "आपल्याला काय करायचे आहे" म्हणून सभेला जाणे टाळले, त्यांना या यादीत कुठेच जागा नाही. त्यांचे मत काय होते, हे इतिहासाला माहीत नाही.

तो निर्णयही फार टिकला नाही. पुढच्याच वर्षी हिंदूंचा संघ पुन्हा मैदानात आला. सामन्यांच्या तिकिटांतून जिमखान्यांना मोठे उत्पन्न मिळत होते, ते सोडवत नव्हते. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमानांनी हिंदूंवर एका गड्याने विजय मिळवला. सलामीला आलेले के. सी. इब्राहिम १३७ वर नाबाद राहिले. खेळ म्हणून तो सामना अप्रतिम होता, आणि खेळाडूंत वैर नव्हते. पण बाहेर देश फाळणीकडे चालला होता. १९४६ साली पंचरंगी सामने कायमचे बंद झाले.

बोर्डिंगातून काढलेला विद्यार्थी

तिसरी रीत आपल्या अगदी जवळची आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातवार, धर्मवार वसतिगृहे उभी केली. मराठा, जैन, आणि १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग. मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. त्या काळात जो समाज शाळेच्या उंबऱ्यापर्यंत आलेलाच नव्हता, त्याला आधी स्वतःचे छप्पर हवे होते. महाराजांनी ते ओळखले. दक्षिण महाराष्ट्रातील मुसलमानांनी हे ऋण विसरू नये.

याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील राहत होते. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर 'शुद्धी'साठी अंघोळ करायला त्यांनी नकार दिला. तेव्हा त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. नाव कापले गेले तेव्हा भाऊरावांनी दुसरे जातीचे बोर्डिंग शोधले नाही. त्यांनी असे घर बांधायचे ठरवले की जिथे नाव कापायला जात हे कारणच उरणार नाही. १९१० साली दूधगाव येथे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, त्यांनी सहकाऱ्यांसोबत सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली ती साताऱ्यात आली. तेथे मराठा, जैन, महार, मांग, मुसलमान मुले एका छपराखाली राहिली, एका पंगतीत जेवली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. वेगळी घरे उभारणाऱ्या राजाचे नाव सामाईक घराला दिले गेले. एकातून दुसरे निघाले, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

या वसतिगृहाला मोठे धनिक सभासद नव्हते. गावोगाव घरातील बायका दळणातून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, तो मुष्टिफंड. आम्हाला वाटते, तीच खरी वर्गणी. मूठ टाकणारी बाई त्या घराचा रुक्न होती.

मान आणि मत

आपल्या भागात एक गोड समजूत आहे. सातारा-सांगलीत हिंदू-मुसलमान असा भेद कुठे आहे? कडेगावच्या मोहरमात गगनचुंबी ताबूत उचलायला दोन्ही समाजांचे खांदे लागतात. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणे होते, तेव्हा गाणाऱ्याची जात कुणी विचारत नाही. हे सगळे खरे आहे आणि ते आमच्या अभिमानाचे आहे. पण याच मिरजेने २००९ साली गणेशोत्सवात दंगलही पाहिली आहे, हे विसरून चालणार नाही. उत्सवात मान मिळतो. पाहुण्याला मानाचा नारळ देणे या मातीला चांगले जमते. संस्थेच्या वार्षिक सभेत मात्र मान उपयोगाचा नसतो, तेथे मत लागते. आपण फार दिवस मानावर समाधान मानले, असे आम्हाला वाटते.

आणि मताचा कायदा कडक आहे. आपल्या बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. १८६० च्या कायद्याचे कलम १५ सांगते की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजलेही जात नाही. काढून टाकण्याचा ठराव लागत नाही, आपण स्वतःलाच काढून टाकतो. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात 'चेंज रिपोर्ट' जातो. त्यावर कुणी हरकत घेतली तर पहिला प्रश्न येतो, तुम्ही सभासद आहात का? पावती दाखवा.

दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. खासगी संस्थेने कुणाला सभासद करावे यावर कायद्याचा दाब मर्यादित आहे. २००५ साली गुजरातमधील पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारा पोटनियम ग्राह्य धरला. राज्यघटनेचे कलम १५ दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते सर्वांना खुले करते; पण क्लबच्या खुर्चीची तशी सरळ हमी कुणी देत नाही. म्हणजे वडिलांनी किंवा आजोबांनी मिळवलेली जागा आपण एकदा सोडली, की ती परत मिळणे दुसऱ्याच्या मर्जीवर राहते. नूतनीकरण म्हणजे वीस-पंचवीस रुपयांचा किंवा दोन-पाच हजारांचा हिशेब नाही. ती मिळकतीची राखण आहे.

आमचा निर्णय

या सगळ्यातून आम्ही काय ठरवले? इतिहासात आम्हाला तीन रीती सापडल्या. पालवणकर बंधूंसारखे कारण जाहीर करून बाहेर पडणे. बद्रुद्दीन यांच्यासारखे आत राहून नियम बदलणे. भाऊरावांसारखे सर्वांना खुले असलेले नवे घर बांधणे. तिन्ही सन्मानाच्या आहेत आणि वेळ पाहून तिन्हींचा उपयोग करावा लागतो. चौथी रीत, गुपचूप वर्गणी थकवण्याची, हिला इतिहासात कुणी नाव दिलेले नाही, कारण तिच्यातून काही घडलेच नाही. आपण तिला स्वाभिमान म्हणतो. संस्थेच्या वहीत तिची नोंद 'थकबाकी' अशी होते.

म्हणून आम्ही वर्गणी भरणार आहोत, आणि मुदतीच्या आत भरणार आहोत. घरातील भगिनींची नावेही सभासद म्हणून देणार आहोत. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. आमच्या उर्दू शाळांतील माता त्या समितीत बसून प्रश्न विचारतात, तर शहराच्या वाचनालयात का विचारू नयेत? वार्षिक सभेची नोटीस आली की आम्ही जाणार आहोत, मागील सभेचे इतिवृत्त वाचून जाणार आहोत. प्रलंबित अर्ज किती आहेत आणि किती दिवसांचे आहेत, हा प्रश्न लेखी देणार आहोत. उत्तर दोन वर्षांत मिळाले नाही तर राजीनामा देऊ, पण तो कारणांसह आणि सहीनिशी देऊ, म्हणजे उद्या कुणी या शहराचा इतिहास लिहील तेव्हा त्याला आमचे म्हणणे सापडेल.

आणि हे करत असतानाच मोहल्ल्यात एक अभ्यासिका काढायची आहे. तिच्यात उर्दू आणि मराठी दोन्ही पुस्तके असतील. नाव आपल्यातल्याच एखाद्या बुजुर्गाचे देऊ, पण प्रवेश-अर्जात जात-धर्माचा रकाना ठेवणार नाही. त्या अभ्यासिकेची वर्गणी ज्याला परवडणार नाही, त्याने मूठभर धान्य आणावे, तेवढ्याने तो सभासद होईल. आमच्या बैठकीतील काही मित्रांना हे दोन्ही एकदम करणे परस्परविरोधी वाटते. त्यांना आम्ही बद्रुद्दीन यांच्या तीन पावत्यांची आठवण करून देतो.

या अंकाच्या वाचकांतही अनेक जण कुठल्या ना कुठल्या मंडळाचे, परिषदेचे, वाचनालयाचे सभासद असतील. त्यांनी एकदा आपली शेवटची पावती कोणत्या तारखेची आहे ते पाहावे. तीन महिने उलटले असतील तर राग, शिकवा, वाद सगळे नंतर. आधी पावती फाडून घ्यावी, आणि मग सभेत उभे राहून बोलावे.